हाडाशी जुळणारी काच आणि तिच्यातील जस्त

मोडलेले हाड बहुधा आपले आपण जुळते. नाहीसे झालेले हाड तितक्या सहजी भरून येत नाही. हा भेद पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या काठी राहणाऱ्यांना समजावून सांगावा लागत नाही. कागल सोडले की निपाणी, स्तवनिधीचा घाट, संकेश्वर, वंटमुरी आणि मग बेळगाव अशा या पट्ट्यात वाहनाखाली सापडलेल्या पायाचे हाड पुष्कळदा नुसते मोडत नाही, त्याचा चुरा होतो. चुरा काढून जखम स्वच्छ केली की दोन टोकांच्या मध्ये पोकळी उरते. गावोगावचे हाडवैद्य बांबूच्या कामट्या बांधून आणि कांडवेलीचा लेप देऊन साधे मोडलेले हाड जुळवीत आले. पोकळीपुढे मात्र त्यांची विद्या थांबत असे. आजचा अस्थिरोगतज्ज्ञ अशा वेळी रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा काही भाग काढून तेथे भरतो, आणि हीच पद्धत अजूनही सर्वांत भरवशाची मानली जाते. परंतु त्यासाठी दुसरी जखम करावी लागते, ती बरेच दिवस दुखते, आणि कमरेत देण्याजोगे हाड मोजकेच असते. ही उणीव भरून काढण्यासाठी जी कृत्रिम द्रव्ये शोधली गेली, त्यांत जैवसक्रिय काच, म्हणजेच बायोअ‍ॅक्टिव्ह ग्लास, हिचे स्थान विशेष आहे. या काचेत थोडे जस्त मिसळल्याने काय घडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

शरीरात बसविल्या जाणाऱ्या मृत्तिकासदृश द्रव्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग करतात. पहिला वर्ग निष्क्रिय द्रव्यांचा. बेळगावजवळ यमनापूर येथील हिंडाल्कोच्या कारखान्यात बॉक्साइटपासून जे अ‍ॅल्युमिना तयार होते, त्याच जातीचे पण अतिशुद्ध अ‍ॅल्युमिना कृत्रिम खुब्याच्या गोळ्यासाठी वापरले जाते. ते झिजत नाही, गंजत नाही आणि शरीराशी बोलतही नाही. शरीर त्याच्याभोवती तंतूंचे पातळ वेष्टन विणून त्याला वेगळे ठेवते. दुसरा वर्ग विरघळणाऱ्या द्रव्यांचा असून ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हे त्याचे ठळक उदाहरण होय. तिसरा वर्ग जैवसक्रिय द्रव्यांचा. ही द्रव्ये हाडाशी रासायनिक बंधाने जोडली जातात. त्यांच्यात आणि हाडात तंतूंचा पडदा राहत नाही.

या तिसऱ्या वर्गाचा आरंभ काचेपासून झाला. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात काचशास्त्राचे अध्यापन करणारे लॅरी हेंच १९६७ मध्ये सैन्याच्या एका द्रव्यविज्ञान परिषदेला बसने जात होते. शेजारी व्हिएतनामहून परतलेले एक कर्नल बसले होते. शेकडो जवानांचे हातपाय कापावे लागतात, कारण शरीर धातू आणि प्लॅस्टिक नाकारते. शरीर नाकारणार नाही असे काही तुम्हाला करता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता. हेंच यांचा तर्क साधा होता. हाड कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे बनलेले आहे. तेव्हा ज्या काचेच्या पृष्ठभागावर हीच द्रव्ये साचतील, ती काच शरीर परकी मानणार नाही. १९६९ मध्ये तयार केलेली काच उंदरांच्या मांडीच्या हाडात बसविली गेली. सहा आठवड्यांनंतर ती काढू पाहता निघेना. हाडाला चिकटून बसली होती. १९७१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या काचेचे नाव ४५एस५. वजनाने ४५ टक्के सिलिका, २४.५ टक्के सोडियम ऑक्साइड, २४.५ टक्के कॅल्शियम ऑक्साइड आणि ६ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड असे तिचे घटक आहेत, आणि अर्धशतक उलटले तरी नव्या प्रत्येक काचेची तुलना तिच्याशीच केली जाते.

येथे नेहमीच्या काचेशी असलेला फरक सांगितला पाहिजे. आपल्या भागात काच म्हटले की जुन्या पिढीला कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीची आठवण होते. औंध संस्थानच्या हद्दीत १९१६ मध्ये निघालेल्या ओगले काच कारखान्याचा प्रभाकर कंदील घरोघरी होता. कंदिलाच्या काचेने ऊन, पाऊस, काजळी आणि राखेने रोज होणारी घासाघीस सोसावी, अशी अपेक्षा असे. टिकाऊपणा हाच तिचा गुण, आणि तो सिलिकेच्या भरपूर प्रमाणामुळे येतो. खिडकीच्या काचेत सिलिका सत्तर टक्क्यांच्या आसपास असते. वितळवून केलेल्या काचेत सिलिका वजनाने ६० टक्क्यांपुढे गेली की तिचा हाडाशी बंध जुळत नाही. जैवसक्रिय काच म्हणजे काचकाराच्या दृष्टीने बिघडलेली काच होय: पाण्यात ठेवली की झिजणारी, दमट हवेत पृष्ठभाग बदलणारी. ओगल्यांच्या भट्टीवर असा माल निघाला असता तर तो फेकून दिला गेला असता.

या झिजण्यातच तिचे कार्य आहे. शरीरातील द्रवाशी संपर्क येताच काचेतील सोडियम बाहेर पडते आणि त्याच्या जागी हायड्रोजन शिरतो. त्यामुळे भोवतालचा सामू वाढतो. सिलिकेच्या साखळ्या तुटून पृष्ठभागावर सिलिकेचा चिकट थर तयार होतो. त्या थरातून कॅल्शियम आणि फॉस्फेट वर येऊन साचतात, आधी आकारहीन आणि नंतर स्फटिकरूप. हा स्फटिक म्हणजे कार्बोनेटयुक्त हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट, अर्थात आपल्या हाडातील खनिजाचाच जवळचा भाऊ. त्याच्यावर कोलॅजनचे तंतू रुजतात आणि अस्थिजनक पेशी, ज्यांना ऑस्टिओब्लास्ट म्हणतात, त्या कामाला लागतात. पुढे लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की काचेतून सुटणारे सिलिकॉन आणि कॅल्शियमचे आयन या पेशींतील जनुकांनाही चेतवितात. या शोधाने संशोधनाची दिशा पालटली. काच ही नुसती भर घालण्याची वस्तू न राहता आयन पोहोचविणारे वाहन ठरली. आणि वाहन मिळाले की त्यात काय भरावे हा प्रश्न ओघानेच आला. स्ट्रॉन्शियम, तांबे, मॅग्नेशियम, चांदी, कोबाल्ट अशी अनेक द्रव्ये भरून पाहण्यात आली. जस्त त्यांपैकी एक.

जस्ताचा आणि भारताचा संबंध जुना आहे. जस्त सुमारे ९०७ अंशांना उकळते, आणि धातुक भट्टीत तापवले तर धातू हाती येण्याऐवजी वाफ होऊन उडून जाते. ती वाफ खालच्या बाजूस थंड करून पकडण्याची युक्ती राजस्थानातील झावर येथे मध्ययुगात मोठ्या प्रमाणावर वापरली जात होती. रसशास्त्रात ते यशद या नावाने येते. आज ते आपल्याला कॅलॅमाइनच्या गुलाबी औषधात आणि दंतवैद्याने लवंगतेलात कालवून तात्पुरत्या भरलेल्या झिंक ऑक्साइडमध्ये भेटते.

शरीरातील जस्ताचे महत्त्व मात्र फार उशिरा कळले. बिहारमधील बक्सर येथे जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद इराणमधील शिराझ येथे काम करीत असताना त्यांच्याकडे खुरटलेल्या वाढीचे तरुण आले. विशी ओलांडलेली मुले दहा वर्षांच्या मुलांएवढी दिसत. त्यांचा आहार मुख्यतः बिनआंबवलेल्या गव्हाच्या रोटीचा होता, आणि धान्याच्या कोंड्यातील फायटेट जस्ताला बांधून ठेवते. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणातून मानवी जस्तन्यूनतेचा अभ्यास सुरू झाला. आपल्या जोंधळ्यातही फायटेट असते. पीठ आंबवून केलेल्या आंबिलीत ते कमी होते. प्रौढ माणसाच्या शरीरात जस्त अवघे दोन ते तीन ग्रॅम असते आणि त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा हाडांत असतो. हाडात खनिज साचविण्यास साहाय्य करणारे अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर जस्ताविना चालत नाही. जस्त अस्थिजनक पेशींना उत्तेजन देते आणि हाड कुरतडणाऱ्या अस्थिभक्षक पेशींची, म्हणजे ऑस्टिओक्लास्टची, निर्मिती आवरते. एकीकडे बांधकाम वाढावे आणि दुसरीकडे पाडकाम कमी व्हावे असा हा दुहेरी लाभ असल्यामुळे संशोधकांचे लक्ष जस्ताकडे वळले यात नवल नाही.

निपाणी-चिकोडी भागातील ऊस बागायतदाराला यातील बरेचसे निराळ्या वाटेने ठाऊक आहे. तो जस्त म्हणत नाही, झिंक म्हणतो. जमिनीत झिंक कमी पडले की उसाची कांडी आखूड राहते. शिराझच्या मुलांची आणि या उसाची व्यथा एकाच कुळातील आहे. झिंक सल्फेट तसेच न फेकता शेणखतात मुरवून द्यावे, आणि स्फुरदाची खते त्याच्याबरोबर कालवू नयेत, हेही त्याला सांगितलेले असते, कारण स्फुरद आणि जस्त एकमेकांना अडवतात. ही शेतातली गोष्ट येथे शोभेसाठी आणलेली नाही. किती घातले यापेक्षा किती लागू पडले आणि कोणत्या वेगाने, हाच प्रश्न काचेतील जस्तापुढेही उभा आहे, आणि तेथेही फॉस्फेटशी त्याचे नाते सरळ नाही.

काचेच्या जालात जस्त कोठे बसते, हे त्यासाठी पाहावे लागते. सिलिका जाल विणते. सोडियम आणि कॅल्शियम ते जाल तोडून सैल करतात. जस्ताचे ऑक्साइड या दोहोंच्या मधले आहे. परिस्थितीनुसार ते जाल तोडू शकते, परंतु जैवसक्रिय काचांत बहुतेक जस्त चार ऑक्सिजनांच्या मध्ये बसून जालाचाच भाग होते. अशा चतुष्फलकी बैठकीवर दोन ऋण प्रभार येतात आणि ते संतुलित करण्यासाठी एक कॅल्शियम किंवा दोन सोडियम त्याच्यापाशी थांबून राहतात. जे आयन बाहेर पडून काचेला सक्रिय करणार, तेच घरी अडकतात. परिणामी काच अधिक टिकाऊ होते, मंद झिजते आणि सामू सावकाश वाढवते. अ‍ॅल्युमिनाही असेच मध्यस्थ ऑक्साइड आहे, आणि त्याचे प्रमाण एक-दीड टक्क्याच्या पुढे गेले तरी काच हाडाशी बंध जुळविणे सोडून देते. जस्त त्या मानाने सौम्य. शिवाय ते शरीराच्या उपयोगाचे, अ‍ॅल्युमिनियम तसे नाही.

या मंदपणाचे दोन अर्थ होतात. मूळ ४५एस५ काच द्रवात पडताच पहिल्या काही तासांत भराभर सोडियम सोडते. भोवतालचा द्रव इतका क्षारीय होतो की नाजूक पेशी मरतात. जस्त हा पहिला धडाका आवरते, हा लाभ. उलट, अ‍ॅपेटाइटचा थर येण्यास विलंब लागतो, हा तोटा. जपानमधील कोकुबो यांनी रूढ केलेल्या शरीरद्रवसदृश द्रावणात, म्हणजे रक्तरसाशी मिळत्याजुळत्या क्षारांच्या पाण्यात, ३६.५ अंशांवर काचेचे तुकडे ठेवून हा थर केव्हा येतो ते पाहतात. जस्ताचे प्रमाण वाढविले की हा काळ लांबतो. पुरेसे वाढविले तर थर येतच नाही. त्यात काचेचा मंदपणा आहेच, पण द्रवात सुटलेले जस्तही हातभार लावते. जस्ताचा आयन कॅल्शियमपेक्षा बराच लहान असल्यामुळे तो वाढत्या अ‍ॅपेटाइटच्या पृष्ठभागावर बसून स्फटिकाची घडी विसकटतो, आणि साचलेले फॉस्फेट आकारहीन अवस्थेतच रेंगाळते.

पेशींवरील परिणामांची मांडणीही एकरेषीय नाही. अल्प जस्त असलेल्या काचांच्या सान्निध्यात अस्थिजनक पेशींतील अल्कलाइन फॉस्फटेज वाढल्याचे अनेक प्रयोगांत दिसले आहे. मात्र तुरीन येथील संशोधकांनी २००७ मध्ये मानवी अस्थिपेशींवर केलेल्या प्रयोगांत काचेतून सुटलेल्या अधिक जस्तामुळे पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण येऊन त्यांची हानी झालेली आढळली. फिनलंडमधील ताम्पेरे येथे २००९ मध्ये मेदातून काढलेल्या मूलपेशी जस्तयुक्त काचेच्या सच्छिद्र सांगाड्यावर वाढविल्या, तेव्हा ठळक असा कोणताच लाभ दिसला नाही. जस्ताने काच इतकी मंद केली की तिच्यातून पेशींना मिळायचे तेच कमी मिळाले असावे, असा त्याचा अर्थ लावला गेला. माझ्या मते या विषयातील सर्वांत बोधप्रद प्रयोग हाच आहे. जस्त पेशीला हितकर आहे एवढ्यावरून जस्तयुक्त काच हितकर ठरत नाही, हे त्याने नेमके दाखविले.

जंतुनाशक गुणाचेही तसेच. हाडात पू होऊन वर्षानुवर्षे वाहणारी जखम, म्हणजे दीर्घकालीन अस्थिमज्जाशोथ, ही उघड्या अस्थिभंगानंतरची भीतिदायक व्याधी आहे. फिनलंडमध्ये विकसित झालेली एस५३पी४ ही काच अशा पोकळ्यांत भरली जाते. वाढलेला सामू आणि क्षारांचे प्रमाण जंतूंना जगू देत नाही. जस्त सामूची वाढ रोखते म्हणजे हे शस्त्र बोथट करते, परंतु स्वतः जंतुरोधक असल्याने दुसरे शस्त्र हाती देते. एक गोष्ट जस्ताच्या बाजूने बोलते. जस्त आणि सिलिका यांना जोडणारा बंध आम्ल द्रवात सहज तुटतो. म्हणून निरोगी ऊतीत जवळजवळ गप्प राहणाऱ्या काही जस्तयुक्त काचा, दाह किंवा जंतुसंसर्गामुळे आम्ल झालेल्या जागी अधिक जस्त सोडतात. अस्थिभक्षक पेशीही हाड कुरतडण्यासाठी आम्लच स्रवते, हे येथे ध्यानात घ्यावे.

प्रमाणाविषयी वाचताना एक दक्षता घ्यावी लागते. काही शोधनिबंध वजनाचे टक्के देतात, काही मोलचे. ४५एस५मध्ये वजनाने ५ टक्के झिंक ऑक्साइड घातले तर ते सुमारे ४ मोल टक्के भरते. शिवाय ते कशाच्या जागी घातले, कॅल्शियमच्या, सोडियमच्या की सिलिकेच्या, यावर परिणाम पालटतो. दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष परस्परविरुद्ध वाटतात तेव्हा पुष्कळदा मूळ काचाच निराळ्या असतात. सामान्यपणे थोड्या टक्क्यांच्या आतील प्रमाण उपयुक्त समजले जाते.

निर्मितीच्या पद्धती दोन. पहिलीत शुद्ध वाळू, कार्बोनेटे, फॉस्फेट आणि झिंक ऑक्साइड प्लॅटिनमच्या मुशीत १,३०० ते १,४५० अंशांना वितळवून रस पाण्यात ओततात आणि कण दळतात. दुसरीत द्रावणातून जेली बनवून ती वाळवितात व सुमारे ६०० ते ७०० अंशांना भाजतात. हिला सोल-जेल म्हणतात. या काचेत अतिसूक्ष्म छिद्रे राहतात, त्यामुळे जस्ताने आलेला मंदपणा थोडाफार भरून निघतो. कोणत्याही पद्धतीने केली तरी काच ठिसूळच. मांडीच्या हाडाचा भार ती एकटी पेलू शकत नाही. भार सळई किंवा प्लेट पेलते, काच पोकळी भरते.

उपयोगांचा इतिहास म्हणूनच लहान हाडांपासून सुरू होतो. १९८५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले साधन मधल्या कानातील हाडासाठी होते. १९९३ मध्ये हिरड्यांच्या रोगाने दाताभोवती झिजलेल्या हाडासाठी पेरिओग्लास आले, १९९९ मध्ये अस्थिशल्यासाठी नोव्हाबोन, आणि पुढे दातांच्या शिवशिवण्यावर हीच काच टूथपेस्टमधून घरात पोहोचली. या सर्वांत जस्त नाही. भारतात कोलकात्याची केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्था आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था यांनी जैवसक्रिय काचांवर दीर्घकाळ काम केले आहे, परंतु जस्तयुक्त काचेचा बहुतांश अभ्यास अद्याप पेशी आणि प्राणी यांच्यापुरता आहे. दंतवैद्यकात एक उपशाखा आशादायक दिसते. दात भरण्याच्या ग्लास आयोनोमर सिमेंटमध्ये अ‍ॅल्युमिनियमयुक्त काच असते. ते अ‍ॅल्युमिनियम मज्जातंतूंना अपायकारक असल्याने हे सिमेंट हाडात वापरणे धोक्याचे. त्याच्या जागी जस्त घालून केलेल्या सिमेंटांवर आयर्लंडमधील लिमरिक येथे काम झाले. अ‍ॅल्युमिनाने अडविलेली वाट जस्ताने मोकळी करावी, हे यमनापूरच्या शेजाऱ्यांना कुतूहलाचे वाटेल.

निपाणीपुरती आणखी एक बाब नोंदविली पाहिजे. हे गाव तंबाखूच्या वखारींचे आणि विडीचे. निकोटीन सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित करते, धूम्रपान करणाऱ्यांचे हाड उशिरा जुळते, न जुळण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक असते, आणि तंबाखू सेवनाने हिरड्यांखालचे हाड झिजते. प्रयोगशाळेतील ससे आणि उंदीर विडी ओढत नाहीत. त्यांच्या निरोगी, रक्ताने भरलेल्या हाडात काचेने जे साधले, ते वीस वर्षे विडी ओढलेल्या माणसाच्या नडगीत साधेलच असे धरता येत नाही. जस्त अस्थिजनक पेशीला चेतवील, पण तिथवर रक्त नेणारी वाहिनी ते उघडून देत नाही. पोकळीत काच भरायची असो वा कमरेचे हाड, शस्त्रक्रियेची तारीख देताना डॉक्टर आधी विडी सोडायला सांगतात ते यासाठीच.